केशरनं ओझं खाली ठेवलं

दिग्गीच्या केशरला डोंगरातल्या वाटा जितक्या ठाऊक होत्या, तितक्या गावात कुणालाच नव्हत्या. नवऱ्याला, लाडूला, अस्वलानं फाडलं तेव्हा ती पंचविशीची होती. डोंगरउतारावरचं रान जाळून राखेत नाचणी पेरायची जुनी रीत सरकारनं बंद केली होती आणि खालच्या दोन खाचरांतल्या भातावर वर्ष निघत नव्हतं. मग ती ओझी वाहू लागली. कॅसलरॉकच्या स्टेशनावर उतरून कुणी डोंगर ओलांडून उळवीकडं निघालं, की गावचा म्होरक्या, ज्याला तिथं बुधवंत म्हणतात, तो तिलाच बोलवी. चाळिशीपर्यंत ती हमालांची पुढारीण झाली होती. अंगानं किडकिडीत, पण डोक्यावर पेटी घेऊन चढणीला लागली की पुरुष मागं पडत.

१९२६ सालच्या माघात बेळगावहून तिघे आले. शंकरराव नावाचे वकील आणि त्यांचे दोन मित्र. साहेब लोक डोंगर चढतात, तंबू ठोकून रानात राहतात, तसं आपणही एकदा करावं, ही शंकररावांची हौस. कामधंदा काही नाही. वर जायचं, चार दिवस राहायचं, खाली यायचं. केशरला त्याचं नवल वाटलं, पण बरंही वाटलं. आजवर साहेबांची ओझी वाहताना खुणांवर भागवावं लागे. ही माणसं मराठी बोलत होती, तिला ‘केशरबाई’ म्हणत होती. पहिल्या दिवशी तिनं त्यांना अस्वलानं ओरबाडलेली झाडं दाखवली, पाखरांची नावं सांगितली, त्यांच्या थट्टेला हसली. ते हसणं पुढं आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी येई.

मुक्काम माथ्याखालच्या झऱ्यावर पडला. केशरनं आधीच सांगितलं, "ह्ये पानी खाली सात घरांची वाडी पिती. धुणं-भांडं खालच्या अंगाला करा."

"बरं, बरं," शंकरराव म्हणाले.

सकाळी ती पाण्याला गेली तर झऱ्याच्या तोंडाशीच ताटल्या घासलेल्या. डब्यातल्या मासळीचं तेल पाण्यावर पसरलं होतं, दगडांना भाताची शितं चिकटली होती. वरच्या काठाला तिघांनीही शौच उरकलं होतं. दहा पावलांवर रान पडलं होतं, तेवढीही तसदी कुणी घेतली नव्हती. माश्या घोंगावत होत्या. तिनं नाकाला पदर लावला आणि पालापाचोळ्यानं घाण ओढून काढू लागली.

शंकरराव दात घासत उभे होते. "असू दे ग. वाहतं पाणी आहे. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो."

"खाली पोरं पित्यात, रावसाब."

त्यांनी चूळ भरली आणि झऱ्यात थुंकले. मुद्दाम नव्हे. ध्यानातच नव्हतं त्यांच्या. केशरला तेच जास्त किळसवाणं वाटलं.

चौथ्या दिवशी तळ हलवून सगळे उळवीच्या अंगाला उतरू लागले. दुपारी कड्यालगतची उतरण लागली. लखू हमालाच्या डोक्यावर शंकररावांची लाकडी पेटी होती. तीत फोटोचं यंत्र होतं. सुट्या दगडावरून त्याचा पाय निसटला. पेटी गडगडत खाली गेली आणि लखू कपारीत अडकून पडला. केशर पोचली तेव्हा त्याच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

"अक्का, पाय बघ ग," लखू म्हणाला. त्याला स्वतःला बघायचं धाडस होत नव्हतं.

शंकरराव त्याच्याजवळून पुढं गेले. पेटीजवळ उकिडवे बसले, झाकण उघडलं, फुटलेल्या काचा एकेक करून बाहेर काढल्या. एक मित्र झुडपापाशी जाऊन ओकला. दुसरा आकाशाकडं बघत राहिला.

"सामान खाली पोचवा," शंकरराव परत येऊन म्हणाले. "मग याला न्यायला माणसं पाठवू. इथं सावली आहे, पाणी ठेवू त्याच्याजवळ."

"दिस कलला की हितं अस्वल फिरतं," केशर म्हणाली.

"मग लवकर चला. बोलण्यात वेळ जातोय."

केशर त्यांच्याकडं बघत राहिली. माणूस घामेजला होता, दाढी वाढली होती, मिशीला मासळीच्या तेलाचा वास येत होता. रागानं तिनं आजवर पुष्कळांना शिव्या घातल्या होत्या. हा राग नव्हता. सडकं फळ हातात यावं तसं वाटलं, आणि तिनं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं.

"ठेवा रं समदं," ती बाकीच्या तीन हमालांना म्हणाली. "तंबूचं कापड सोडा. दोन बांबू तोडा."

"तो तंबू माझा आहे," शंकरराव म्हणाले.

"व्हय."

"बुधवंताला सांगेन मी. आणि आम्हांला वाट कोण दाखवणार?"

"मागनं या. उचलंल तेवढं उचला."

लखूला झोळीत घालून चौघं उतरू लागली. तो विव्हळायचा, मग बेशुद्ध व्हायचा. मागून भांड्यांचा खडखडाट, बूट घसरल्याचा आवाज, एकमेकांवर चिडलेले स्वर येत होते. केशरनं एकदाही वळून पाहिलं नाही. ऊन कलताना वाडी आली. म्हातारी पारू हाडं बसवायची. तिनं लखूच्या तोंडात चिंधी दिली, पाय ओढला, बांबूच्या कांबी बांधल्या. तिघे पाहुणे अंगणात बसून राहिले. लखू कसा आहे, हे विचारायला कुणी आत आलं नाही. उळवीला जाणारी गाडी कधी मिळेल, एवढं मात्र विचारलं.

लखू जगला. पाय वाकडा राहिला. पुढं तो घरात बसून टोपल्या विणायचा. बुधवंतानं केशरला चार लोकांसमोर झापलं, पाहुण्यांना रानात टाकून आली म्हणून. तिनं ऐकून घेतलं. पण त्यानंतर तिनं हौशी माणसांचं ओझं उचललं नाही. हिरडे गोळा केले, वेत तोडला, मध काढला. कितीदा उपाशी राहिली.

दोन वर्षांनी अशीच एक मंडळी आली तेव्हा तिची जाऊ मंगल त्यांच्याबरोबर गेली. पोरांना खायला घालायचं होतं तिला. परत आली तेव्हा त्यांचं धुणं धुऊन तिच्या लुगड्याला साहेबी साबणाचा वास लागला होता. केशर पावसाळाभर तिच्याशी बोलली नाही. भाताच्या कापणीला मात्र दोघी एकाच खाचरात वाकल्या. मंगल म्हणाली, "वयनी, इळा दे तो." केशरनं दिला.