न झालेली भेट

मी घरोघरी जाऊन रुग्णांचं बघणारी नर्स. घाटाखालच्या गावातल्या एका काकांकडे माझ्याच गाडीने जायचे. त्या सकाळी पोहोचले, तर काका पहाटेच गेले होते. काकू म्हणाल्या, "सिस्टर, नाकातली ती नळी तेवढी काढा हो. असं कसं पाठवू त्यांना?" मी नळी काढली, त्यांचा चेहरा पुसला, काकूंजवळ बसले.

परतताना गाडी कडेला घेऊन ऑफिसला कळवलं.

"पेशंटच नव्हता, म्हणजे व्हिजिट झाली नाही, मॅडम. पेट्रोलचे पैसे मिळणार नाहीत."

माणूस गेला की त्याच्या घराकडे जाणारा रस्ताही नाहीसा होतो का? घाट तर तेवढाच होता, वळणंही तेवढीच. पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता, तरी मी ओरडले, "अहो, मी गेले होते तिथे!"