शून्यापासून सुटलेली ट्रॉली

संयोगिताबाई कराडच्या एका ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतात. पोरं दरवर्षी एकाच जागी आपटतात. गाडी जागेवरून निघाली, वेग एकसारखा वाढत गेला, तर अंतर किती? गाढवं शेवटचा वेग घेतात आणि सगळ्या वेळानं गुणून मोकळी होतात. बाईंच्या लाल पेनाला तिथं दयामाया नाही. माणसांशीही त्या तशाच. चुलतदीर नाथाजीशी बांधावरून वाजलं त्याला नऊ वर्षं झाली, तरी त्याचं तोंड दिसलं की बाईंच्या कपाळाला आठी पडते.

त्याच नाथाजीची उसानं भरलेली ट्रॉली मंगळवारी भर दुपारी उतारावरून सुटली, दूध डेअरीच्या भिंतीवर आदळली आणि तिथं दूध घालायला आलेल्या राहीबाईचा पाय मोडला. नाथाजी शपथेवर सांगत होता, "ट्रॉली वहिनींच्या फाटकापाशी हुती. चाकांमागं दोन दगड दिलं हुतं." कुणी पाहिलं नव्हतं. गाव म्हणालं, डेअरीपासून दोनशे मीटर वरच्या चिंचेखाली बिनदगडाची सोडून हा चहा ढोसत बसला.

बाईंना खरं ठाऊक होतं. त्या दुपारी फाटकातून स्कूटर काढताना एक दगड आडवा आला. याचे दगड माझ्या दारात? त्यांनी रागारागानं तो गटारात लोटला होता. दुसरा आहे की, म्हणून तशाच निघून गेल्या होत्या.

शनिवारी पंचायतीत नाथाजीविरुद्ध पोलिसांत द्यायचा अर्ज तयार होता, सह्या तेवढ्या बाकी होत्या. सरपंच धैर्यशील बाईंचाच जुना विद्यार्थी. डेअरीच्या कॅमेऱ्यात पहिल्या खडखडाटापासून धडकेपर्यंत वीस सेकंद होते. दोन खांबांमधलं अंतर मोजून त्यानं धडकेचा वेगही काढला होता, सेकंदाला दहा मीटर.

"धा गुणिले वीस, दोनशे मीटर. म्हंजे चिंचच. खोटं बोलतोय ह्यो!"

"तुरुंगात घाला त्येला!" मागून कुणीतरी ओरडलं. नाथाजी एकटाच भिंतीला टेकून उभा होता. बाईंना वाटलं, गप्प बसावं. बसला तर बसू दे आत. नऊ वर्षांचा जळफळाट तेवढाच थंड होईल. पण डोळ्यांसमोरची चूक त्यांना गिळवेना.

"अकरावीत नापास केलं होतं तेच बरं होतं तुला," त्या धैर्यशीलवर खेकसल्या. "ट्रॉली उभी होती ना? सुरुवातीला वेग शून्य, शेवटी दहा. उतार एकसारखा, म्हणजे सरासरी पाच. पाच गुणिले वीस, शंभर मीटर. माझं फाटक."

"मग दगड कुठं गेलं?" धैर्यशीलनं विचारलं.

"एक मी काढला. दुसरा एकटा पुरला नसणार."

बाईंचा नवरा उठला, त्यांच्याकडे न बघता बाहेर गेला आणि दोघं जिच्यावरून आले होते ती मोटारसायकल घेऊन निघून गेला.

नाथाजीनं अर्ज उचलून टराटरा फाडला.

"ह्येच ठाण्यात सांगायचं, वहिनी. बसा ट्रॅक्टरवर. मायेनं न्हाई म्हणत."

"मायेनं म्हणाला असता तर बसले नसते," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून वर चढल्या.