तांब्याची रिबीट

तो खटला आठवला की आजही माझं तोंड कडू होतं. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. एका रायफलीचा मोडलेला भाग घरच्या घरी बदलला, एवढाच गुन्हा. पण माणसांबद्दल मला जे काही कळलं, ते बहुतेक त्या एका खटल्यात कळलं, आणि कळलं नसतं तरी माझं काही बिघडलं नसतं.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. तेरणाकाठच्या एका ठाण्याचा मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. मी मुसलमान, घरात दखनी बोलायचो, शेजारपाजार आणि भांडणं मराठीत. निजामाविरुद्ध लढणारी माणसं सोलापूरच्या बाजूनं सरहद्द ओलांडून येत असत, त्यामुळे हत्यार म्हटलं की वरिष्ठांची झोप उडायची. परवान्याची बंदूक मोडली तर तहसीलची परवानगी काढून ती हैदराबादला दुरुस्तीसाठी पाठवायची, असा हुकूम होता. घरी दुरुस्ती केली तर परवाना जाणार आणि मालक आत बसणार. त्यातच परवान्याच्या सगळ्या हत्यारांची तपासणी होणार असल्याचं जाहीर झालं.

दसऱ्याच्या तोंडावर खबर आली. देणारा गावचा सर्वांत मोठा जमीनदार. त्याला सगळे मालक म्हणत, मीही तेच म्हणतो. ठाण्यात येऊन खुर्चीवर बसला, निवांत पान जमवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अमीनसाब, आमच्या तांबटावर नजर ठेवा. घागरीच्या नावाखाली पलीकडच्यांसाठी बंदुका बनवायलाय. भंगाराची पाटी तेवढी उलथी करून बघा."

मला ते तेव्हाच खटकलं. खबर देणारा माणूस घर दाखवतो, फार तर खोली दाखवतो. नेमकी पाटी सहसा दाखवत नाही.

तरी झडती घेणं भाग होतं. पाटी उलथी केली तर तांब्या-पितळेच्या तुकड्यांत एक लोखंडी कमान निघाली. रायफलीच्या चापाभोवती बोटाच्या आडोशाला असते ती. मधोमध मोडलेली होती आणि तिच्या टोकाच्या भोकात जुन्या रिबिटीचा, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्याचा, तुकडा अडकून होता. पंचनामा झाला. पंचांनी मुकाट्यानं सह्या केल्या. तांबटाला हवालातीत टाकलं आणि गावानं आपला निकाल देऊन टाकला : अमीन मुसलमान, तांबट हिंदू, आता आणखी काय विचारायचं? खबर कुणी दिली हे मला सांगता येत नव्हतं. मालक मात्र पारावर बसून "बिचारा तांबट" म्हणून हळहळत होता.

तांबट साठीच्या आसपासचा, बुटका, कमी बोलणारा. मी विचारलं, "बाबा, ही कमान कुणाच्या बंदुकीची?"

"म्या न्हाय सांगत."

"बंदुका बनवता असा आरोप आहे तुमच्यावर. काळ्या पाण्यासारखी शिक्षा होईल."

"बंदुका म्या बनवीत न्हाय. एक मोडलेली नीट करून दिली. कुणाची, ते इचारू नका साब."

मी पंचनाम्याचे कागद घेऊन धाराशिवला गेलो. मागं जमादारानं आपल्या पद्धतीनं विचारपूस केली. परत आलो तेव्हा तांबटाच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी-निळी झाली होती. मी जमादारावर असा ओरडलो की बाहेर बांधलेला घोडा बिथरला. वरही लिहून कळवलं. त्याचं पुढं काय झालं ते अजून कळायचं आहे.

दुपारी तांबटाची बायको भाकरी घेऊन आली. बोटं पाहून तिनं कपाळ बडवून घेतलं, मग माझ्याकडं वळली. "मारून काय फायदा न्हाय, साब. त्यांनी बेलभंडारा उचललाय. नाव घेणार न्हाय म्हणून. मेले तरी बोलायचे न्हाईत."

खंडोबाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली की आमच्या भागातला माणूस ती मोडत नसे. मोडली तर वंश बुडतो, अशी पक्की समजूत होती. म्हणजे काम करून घेणाऱ्यानं आधी शपथ घातली, मग खबर देऊन त्यालाच अडकवलं होतं. तपासणीच्या आधी तांबट बदनाम झाला की उद्या तो काही बोलला तरी ऐकणार कोण? संशय मालकावर होता. पण संशयावर खटला उभा राहत नाही.

ठाण्यात पाण्याची एक तांब्याची घागर होती. तिच्या कडीच्या रिबिटींवर चार पाकळ्यांचं बारीक फूल उठलेलं. तांबटाच्या ठोकण्याच्या हत्याराच्या तोंडातच ते फूल कोरलेलं होतं, त्यामुळे त्याच्या हातची प्रत्येक रिबीट फूल घेऊनच बसायची. पंचक्रोशीतल्या बाया बाजारात घागर उलटीपालटी करून आधी ते फूल बघत आणि मगच भाव करत. मी ती घागर रोज पाहत होतो, पण तिचा बंदुकीशी काही संबंध असेल असं तोवर मनात आलं नव्हतं.

खंडेनवमीला मालकाकडं शस्त्रपूजा असे आणि रिवाजाप्रमाणं अमीनाला पानसुपारीचं आमंत्रण. मी गेलो. सोप्यात गावची प्रतिष्ठित मंडळी बसलेली. पाटावर दोन तलवारी, एक जंबिया आणि मधे परवान्याची रायफल. तिला हळदकुंकू, झेंडूची माळ. चापाभोवतीची कमान तेल-काजळी चोळून जुन्यासारखी काळी केलेली. आणि त्या काळ्या कमानीवर एक तांब्याची रिबीट लख्ख चमकत होती. मी वाकून पाहिलं. चार पाकळ्या.

मी कुणालाच उद्देशून न बोलता म्हणालो, "हे छान उजळलंय. कुणी घासलं?"

आरतीचं तबक घेऊन उभी असलेली मालकाची सून सरळ मनानं बोलून गेली, "म्या घासलं. सणाची तांब्याची भांडी चिंचेनं घासत होते, तर हितंबी तांब्याचा ठिपका काळा पडलेला दिसला. पूजेला काळं कसं ठेवायचं?"

मालकानं तिच्याकडं असं पाहिलं की ती तबक तिथंच ठेवून आत गेली. काजळीमागं लपवलेली गोष्ट घरच्याच सुनेनं चिंच लावून उजळली होती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

मी तिथल्या तिथं रायफल जप्त केली आणि मंडळींकडं वळलो. "दोन पंच हवेत. समोर दिसतंय तेवढंच लिहायचं."

कुणी पुढं आलं नाही. कुणाला एकाएकी घरची आठवण झाली, कुणी वहाणा शोधू लागला. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठता उठता म्हणाले, "आमी पूजेला आलो, पंचनाम्याला न्हाय. आन आमाला तर काय दिसलंबी न्हाय." मालकाला दुखवायचं म्हणजे विहिरीचं पाणी, वाट, गुरांचं चरणं, सगळं दुखवून घ्यायचं. हे मला कळत होतं. पण कालपर्यंत अमीन जुलमी म्हणून कुजबुजणारी हीच तोंडं होती, आणि त्यांचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

रायफल ठाण्यात आणून तांबटापुढं ठेवली. सुजलेल्या बोटानं त्यानं रिबीट चाचपली. "काम माझंच हाय," तो म्हणाला.

"मग आता मालकाचं नाव घ्या. बंदूक त्यांच्या घरातून आणलीय. तुम्हाला फक्त हो म्हणायचंय."

"तुमी आणलीय, तुमी घ्या नाव. मला शपथ हाय."

मी समजावलं, चिडलो, शेवटी हात जोडले. त्यानं पाणी मागितलं, तेवढंच.

मी सगळं मोहतमीम साहेबांपुढं, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांपुढं मांडलं. त्यांनी विचारलं, "पंचांच्या सह्या कुठं आहेत? आरोपीनं नाव घेतलंय का?" दोन्हींचं उत्तर नाही. "मालकासारखा सरकारचा भरवशाचा माणूस एका भांडी घडवणाऱ्यासाठी दुखवायचा?" रायफल सन्मानानं परत गेली. तांबटावर एका 'अज्ञात' बंदुकीची बेकायदा दुरुस्ती केल्याचा खटला चालला आणि त्याच्याच इकबालावर, म्हणजे कबुलीवर, त्याला सक्तमजुरी झाली. बंदूक बेपत्ता आणि बंदूक नीट करणारा तुरुंगात, असा तो न्याय. माझी बदली मुरुमला झाली.

पुढं संस्थान गेलं, नवं सरकार आलं. चौकशी होऊन मी नोकरीत राहिलो. एकदा बंदोबस्तासाठी त्याच गावी जाण्याचा हुकूम आला. मारुतीसमोर मांडव होता, निजामाविरुद्ध लढलेला म्हणून मालकाचा सत्कार होता. मेजावर झेंडूची माळ घातलेली तीच रायफल. मालक भाषणात सांगत होता, "सरहद्दीवरच्या चकमकीत ही मोडली. जिवावर उदार होऊन म्या घरात बसून ही नीट केली. निजामाचा जुलमी अमीन दारात आला, पर आमी डगमगलो न्हाय!" टाळ्या पडल्या. रायफल खरं तर नदी उतरताना दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, खडकावर पडून मोडली होती, हे गावातलं पोर-पोर जाणून होतं. मी काठी धरून गर्दी आवरत होतो.

मग अध्यक्षांनी साक्षीला कुणी आहे का म्हणून विचारलं. पांढऱ्या मिशांचे तेच गृहस्थ उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या डोळ्यांदेखत मालकांनी रिबीट ठोकली."

मांडवाच्या कडेला तांबट उभा होता. तुरुंगातून सुटून आल्यावर त्याची दोन बोटं वाकडीच राहिली होती. हातोडा धरवत नव्हता, दुकान बंद होतं. मी त्याच्याजवळ गेलो. "बाबा, आता तरी बोला. आता कुणाची भीती आहे?"

"भीती तवाबी नव्हती, साब," तो म्हणाला. "भंडारा त्यांच्याच देवघरातला हुता. ते इसरले, म्या कसा इसरू?"

पुरावा हाती लागला की खटला जिंकला असं तरुणपणी मला वाटायचं. पुरावा मी शोधला होता, तो चमकत होता, आणि भरल्या सोप्यात तो एकालाही दिसला नव्हता. हार घालायची वेळ आल्यावर मात्र तो सगळ्यांना दिसला.

सत्कार संपला तसे लोक रायफलीभोवती जमून रिबिटीला हात लावून पाहू लागले. एका बाईनं ते फूल पाहिलं, मान वर करून तांबटाकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून निघून गेली.