अडतीस टक्के

सरकारी दवाखान्यातल्या मागच्या खोलीत सांध्यांची मापं घेणाऱ्या माणसाला सगळे टक्केकाका म्हणत. नाव चिकटलं ते चिकटलंच. काकांनी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की बायकोही विचारायची, "किती टक्के?"

काम सरळ होतं. सांधा किती वाकतो ते कोनमापीने बघायचं, ताकद तपासायची आणि अपंगत्वाचा आकडा डॉक्टरांपुढे ठेवायचा. कायद्याने चाळीसवर रेघ मारलेली. चाळीस भरले की माणूस सरकारच्या मोजणीत अपंग. त्याला सवलत, राखीव नोकरी. एकोणचाळीस भरले तर तो धडधाकट, मग भले जिना बसून उतरत का असेना. रेघ नेमकी तिथेच का, हे काकांनी कधी विचारलं नाही. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही.

आता मात्र त्यांचा उजवा तळहात त्यांना स्वस्थ बसू देत नाही. वर्तमानपत्र वाचता वाचता तो मध्येच गरम होतो, खरोखर गरम, आणि काका उठून नळाखाली धरतात. काय झालं म्हणून बायको विचारते. काका नळ आणखी सोडतात.

झालं होतं ते असं. एक तरुण मुलगी आईबरोबर आली. लहानपणच्या दुखण्यापासून तिचा गुडघा आखडलेला. टपाल कचेरीत अपंगांसाठी राखलेली जागा तिला मिळत होती. फक्त दाखला हवा होता आणि तो त्याच आठवड्यात. काकांनी पाय वाकवून पाहिला. अडतीस टक्के. पुन्हा पाहिला, तरी अडतीसच. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की गुडघा चांगलाच गरम आहे आणि तेलाने चकाकतोय.

आई म्हणाली, "सकाळपासून शेकलाय. तुम्ही वाकवाल तेव्हा तिला दुखायला नको."

शेकलेला सांधा सैल पडतो, हे काकांना शिकवायला नको होतं. त्यांनी मायलेकींना बाहेर बाकावर बसवलं, जरा वेळाने बोलावतो म्हणाले. गुडघा निवला की चाळीस आपोआप भरतील, असा हिशेब. पण दारातून पाहतात तो काय, आई फरशीवर बसून दोन्ही हातांनी गुडघा चोळतेय. मुलीचा चेहरा जरा आक्रसला की आणखी जोर लावतेय. चोळू नका, दुखू दे तिला, एवढंच काकांना सांगायचं होतं. पण एका आईला हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

आता म्हणाल, दोन टक्के पदरचे घातले असते तर काय बिघडत होतं? काही बिघडत नव्हतं. पण जन्मभर कोनमापीशी इमान राखलेला माणूस ऐन वेळी असा अडतो. नंतरच्या मापातही अडतीसच आले. पुढची तपासणी वर्षाने, असा नियम. डॉक्टरांनी सही केली.

"म्हणजे कायद्याने ही अपंग नाही?" आईने विचारलं. काका नाही म्हणाले. बाईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं लोक माझ्या पोरीला लंगडी म्हणायचे, आज सरकारनेच सांगितलं ती तशी नाही, असं म्हणत तिने हात जोडले. मुलगी काकांकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

"हो आई," ती म्हणाली, "चांगली आहे मी."

परवा दोघी काकांना बाजारात भेटल्या. टपालातली जागा गेली, नशिबात नव्हती, पण तुमच्या तोंडून चांगलं ऐकलं, असं म्हणत आईने काकांना तोंड भरून आशीर्वाद दिले. मुलगी आता कारखान्यात दिवसभर उभ्याने डबे भरते. आई भाव करायला वळली, तशी ती काकांजवळ सरकली.

"काका, जागा का गेली ते आईला कधी कळू देऊ नका," ती हळूच म्हणाली. "नाहीतर ती शेकणं सोडेल."