चकलांब्याच्या वाटेवर घरपोच मतपेटी

निवृत्तीनंतर निवडणुकीचं नाव काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नोकरीची बरीच वर्षं टपाली मतपत्रिका सांभाळण्यात गेली, तेवढं पुरे होतं. मग इनामदारचा फोन आला. एकेकाळी तो माझ्या हाताखाली होता, आता गेवराईत हेच काम बघतो.

"मॅडम, पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मतदान घरी जाऊन घ्यायचंय. पथकातल्या कुणीच हे केलेलं नाही. दोन दिवस शिकवायला या."

"मानधन?"

"चहा."

"बिनसाखरेचा," मी म्हटलं आणि बॅग भरली.

संभाजीनगरहून गेवराईला जायचं तर सोलापूरकडची कुठलीही एसटी चालते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे शेजारच्या काकांचा चेहरा पूर्ण पडलेला. शहागडच्या पुलावर गोदावरी बघायला मी खिडकीशी सरकले. खाली नुसते खड्डे.

"नदी कुठंय?"

"ट्रकात," कंडक्टर म्हणाला. पुढे वाळूचे हायवा ओळीनं चालले होते.

गेवराईत स्टँडच्या मागच्या खानावळीत पिठलं-भाकरी चांगली मिळते, ठेचा मात्र जपून घ्या. लॉजवर उशी मागू नका, घरूनच न्या.

दुपारभर पथकांना पाकिटं शिकवली. मतपत्रिका छोट्या पाकिटात. घोषणापत्र त्याच्या बाहेर. मग दोन्ही मोठ्या पाकिटात. शिंदे सर नावाचे एक मास्तर घोषणापत्र पुन्हा पुन्हा छोट्या पाकिटात कोंबत होते. "सर, अशानं मोजणीच्या टेबलावर मत बाद होतं. तुम्ही पेपर तपासता, तेव्हा पोरांचे गुण असेच गिळता का?" संध्याकाळपर्यंत त्यांचा हात बसला. आणखी एक गोष्ट मी फळ्यावर लिहून ठेवली: ज्याचं नाव घरच्या मतदानाच्या यादीत गेलं, त्याला केंद्रावर मत देता येत नाही. इथे दिलं तर दिलं.

दुसऱ्या दिवशी शिंदे सर, एक हवालदार, व्हिडिओवाला आणि मी जीपमधून चकलांब्याकडे निघालो. रस्ता बरा, ऊन वाईट. पाणी भरपूर घ्या, वाटेत सावलीच्या नावानं बाभळीच. चकलांब्याच्या पुढच्या एका वस्तीवर सरूबाईंचं घर. नव्वदीच्या बाई, ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसलेल्या.

मी टेकताच म्हणाल्या, "बाई, तुमच्या चष्म्याची दांडी ढिली झालीया."

खरंच झाली होती. मला पत्ता नव्हता.

"तुम्ही शाळेतल्या केंद्रापर्यंत चालू शकत नाही का?" मी विचारलं.

"चालते की! मागल्या टायमाला बी गेलते. आमी बाया बाया मिळून जायचो. मशीनपाशी एकटं. कुनाला कायबी कळत न्हाई." आणि बोळक्या तोंडानं अशा हसल्या, की मला त्यांचा हेवा वाटला.

"मग हा घरचा अर्ज?"

"बाळूनं अंगठा घेतला. म्या म्हनलं, पगाराचा असंल." पगार म्हणजे निराधार म्हाताऱ्यांना मिळणारे सरकारी पैसे.

बाळू म्हणजे त्यांचा साठीचा मुलगा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गावातल्या एका पुढाऱ्याचा उजवा हात. आमच्यासाठी चहा घेऊन आला. "मायला उन्हात कशाला न्यायचं, मॅडम? सरकारच दारात आलंय."

मी शिंदे सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाव यादीत गेलेलं, शाळेचं दार बंद.

माझं डोकं फिरलं. पुठ्ठ्याचा आडोसा मी आतल्या खोलीत बाजेवर मांडायला लावला आणि सगळ्या पुरुषांना ओसरीवर हाकललं. तोवर शेजारपाजारचे जमलेच होते.

"मॅडम, माय भोळी हाय. कायतरी चुकंल," बाळू म्हणाला.

"भोळ्या माणसालाही चुकायचा हक्क आहे. बाहेर व्हा."

लोक हसले. मी दार लोटलं आणि, खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

सरूबाईंनी पेन हातात घेतलं. मी पाठ फिरवून उभी राहिले. बराच वेळ कागद वाजेना.

"बाई, हे काय केलंत?" त्या हळूच म्हणाल्या. "चारचौघात त्याला भाईर काढलं. आता त्याच्या मनासारखं केलं तरी त्याला पटनार न्हाई. शाळंत समद्याच एकट्या. हितं म्या एकटीनंच दार लावून घेतलं."

"त्यांना सांगू नका ना, कुणाला दिलं ते."

"तुमी जीपीत बसून जाताल. मला हितंच राहायचंय." मग मोठ्यानं हाक मारली, "बाळू, ये रं आत!"

मत द्यायला सोबती का हवा, हे शिंदे सरांना कॅमेऱ्यासमोर विचारावंच लागतं. त्यांनी विचारलं.

"मला दिसत न्हाई," सरूबाई म्हणाल्या.

बोलताना त्या थेट माझ्याकडे बघत होत्या. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या: खोटं बोलू नये आणि मोठ्यांना उलट बोलू नये. दुसरी मी जन्मात पाळली नव्हती. त्या दिवशी पाळली.

ज्याला दिसत नाही त्याला सोबती घेता येतो, नियमच आहे तसा. बाळूनं सोबत्याच्या कागदावर सही केली, आडोशामागे जाऊन खूणही केली. शिंदे सरांनी मतपत्रिका छोट्या पाकिटात, घोषणापत्र बाहेर, दोन्ही मोठ्यात, असं निर्दोष घातलं. मी शिकवलं होतं तसंच.

निघताना सरूबाईंनी माझा चष्मा मागून घेतला. सुईच्या डबीतून काळा दोरा काढला आणि ढिल्या दांडीला घट्ट गुंडाळून दिला.

परतीला बीडमार्गे कपिलधार करायचं ठरलं होतं. उन्हाळ्यात धबधबा नसतो, देऊळ मात्र गार असतं म्हणतात. तुम्ही जरूर जा. मी सरळ घरी आले.

इनामदारनं रात्री कळवलं, "मॅडम, एकही पाकीट चुकलं नाही. तुमच्यामुळे." मी फोन बाजूला ठेवला. तुमच्या घरात पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी चालतं-फिरतं असेल, तर अंगठा घेण्याआधी एवढंच विचारा, शाळेत जायचंय का?

चष्मेवाला म्हणतो, दोरा काढा, स्क्रू बसवून देतो. मी त्याला म्हटलं, राहू दे. मला दिसतंय.