चोपड्याची केळी धक्क्यावर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी चोपड्यात केळीच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होतो. शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज होता. तोवर आमची केळी रेल्वेने उत्तरेकडे जायची. आता मुंबईच्या खाडीपलीकडे खोल पाण्याचं नवं बंदर झालं होतं. तिथून थंड कंटेनरमधून माल आखातात पाठवायचं मालकांनी ठरवलं.

कटाईचे मुकादम होते आबा. केळं अंगठ्याने चाचपून ते किती दिवस टिकेल हे ते सांगत. पहिला कंटेनर भरून पाठवायची जबाबदारी माझ्यावर होती. तो भरताना शेवटच्या मळ्यातले घड पाहून आबा थांबले.

"भाऊ, हाऊ माल भरी गया शे. बोटीवर टिकाव नही. बठ्ठा पिकाडी टाकी."

"आबा, माल जास्त तयार असला तरी आत थंडी असते, बाकीचा पिकणार नाही. आणि कंटेनर अर्धा पाठवता येत नाही," मी म्हणालो.

आबांनी मजुरांना हात केला. माल भरला गेला.

आम्ही दोघंही बंदरावर गेलो. आबांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. जहाज वादळामुळे लांब अडकलं होतं. चौथ्या दिवशी तपासणीसाठी दार उघडलं, तर आतून गोड वास आला. दाराजवळची खोकी पिवळी पडली होती. तपासनिसाने आतली चार-पाच खोकी फोडून पाहिली आणि माल जहाजावर चढणार नाही, असं सांगितलं.

बंदराबाहेरच्या टेलिफोन बूथवरून मी मालकांना कळवलं. ते चिडले. माल कोणी पास केला, असं त्यांनी विचारलं. त्यांचा चढलेला आवाज आबांनाही ऐकू आला. आबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"माल मी पास करा," ते म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. फोन परत मागून घ्यायला हवा होता. मी घेतला नाही.

आबांची मुकादमी गेली. महिनाभर मला नीट जेवण गेलं नाही. शेवटी मालकांना खरं सांगितलं आणि तसाच आबांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"आबा, तुम्ही असं का सांगितलं?"

"मुकादम मीच व्हतू. नही म्हनानं काम मन्हं व्हतं," ते म्हणाले. माल नाकारणं आपलं काम होतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं; मला वाचवलं, असं त्यांच्या मनातही नव्हतं.

मालकांनी त्यांना परत बोलावलं, पण ते आले नाहीत. दुसऱ्या कंटेनरच्या वेळी मी एक मळा पूर्ण नाकारला. त्या शेतकऱ्याचे बोल ऐकून घेतले, आणि कमी पडलेला माल दुसऱ्या गावाहून आणेपर्यंत दोन दिवस कंटेनर उभा ठेवला. माल आखातात हिरवाच उतरल्याचा निरोप आला, तेव्हा तो सांगायला आबांकडेच गेलो.

त्यांनी ऐकून मान हलवली, आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.