सोंगामागचा माणूस

युनियन मावशी हसली की गवताचा ठेकेदार मजुरीचा हिशोब पुन्हा मांडायला घेई. भांडायचा तिचा स्वभावच नव्हता. मोठ्यानं हसायची, विळा बाजूला ठेवून फतकल मारायची, आणि तिच्यामागे गवत कापणाऱ्या साऱ्या बायका बसायच्या. जव्हार संस्थान विलीन झालं, मोखाड्याकडे मजुरांची युनियन आली, तेव्हा आमच्या पाड्यातून पहिली सभासद झाली ती हीच.

"मानूस येकटा गावला का त्याला दामटतात," एवढंच तिचं राजकारण. आम्हां पोरांचा तिच्यावर फार जीव, कारण बाजारातून येताना ती आमच्यासाठी गूळ आणी.

एका हिवाळ्यात दाभोशाच्या धबधब्यावर सिनेमावाले आले. त्यांना आमच्या बोहाड्यातली, म्हणजे देवाच्या उत्सवात मुखवटे घालून नाचतात ती सोंगं हवी होती, तीही लहान पोरांची. जड मुखवटे चढवून आम्ही ओल्या कातळावर नाचायचं. मुखवट्यातून पुढचं धड दिसत नाही, म्हणून बोहाड्यात सोंगामागे एक माणूस कमरेचा शेला धरून असतो. डायरेक्टर साहेबांनी ही माणसं हटवली. पहिल्याच नाचात मी घसरलो, डोहाच्या अगदी काठावर आपटलो. गुडघा फुटला, थंडीनं दात वाजत होते.

"छान! पुन्हा एकदा," साहेब म्हणाले.

मावशी हसली आणि कातळावर बसली. मागोमाग सांबळवाले बसले, सामान वाहणारे बसले, आमच्या आया बसल्या.

"पोराच्या मांगं मानूस नाय, त नाच नाय," ती म्हणाली. "भिजल्या पोराला शेक पायजे, पोटाला भाकर पायजे. आन दिस कलला का पोरां घरी."

"अहो मावशी, मागचा माणूस पडद्यावर दिसेल!"

"दिसू द्या की. देवाला चालतो, तुमाला नाय चालत?"

ऊन डोंगराकडे सरकू लागलं तसा साहेबांचा धीर सुटला. त्यांनी सगळं कबूल केलं. लगेच शेकोटी पेटली, भाकऱ्या आल्या, पोरापोरामागे माणूस उभा राहिला. माझे वडील लाकूडतोडीला गेलेले, आईच्या कडेवर तान्ही बहीण. माझ्यामागे कुणीच उरलं नाही.

"साहेब, याच्या मांगं तुमी," मावशी म्हणाली.

साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि माझा शेला धरला. मला त्या दिवशी राजा झाल्यासारखं वाटलं.

सिनेमा जव्हारला तंबूत लागला तोवर मावशी तापानं गेली होती. मला तिची फार आठवण येत होती. पडद्यावर माझं सोंग आलं, त्याच्यामागे ओल्या कातळावर अनवाणी, शेला धरून साहेब. त्यांनी सिनेमातून स्वतःला कापलं नव्हतं! तंबूत शिट्ट्यांचा नुसता दणका उडाला. आई भर गर्दीत उभी राहिली आणि रडत, हसत ओरडली, "मावशे, दिसतो गं! मानूस दिसतो!"